लेस्टरच्या शेजारची खुर्ची

गाठ मला आरशाने दाखवली नाही, ठुशीने दाखवली. साउथहॅम्प्टनमध्ये आम्ही बायका संक्रांतीचं हळदीकुंकू जमेल त्या शनिवारी उरकतो. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, हा त्यातला मोठा फायदा. त्र्याण्णव साली अशीच तयार होत होते, तर ठुशी उजव्या बाजूला टोचायला लागली. दोरा सैल केला तरी टोचतच होती. हात लावून पाहिलं तर मानेत सुपारीएवढं काहीतरी लागलं. मी ठुशी काढून ठेवली, साधी माळ घातली आणि तिळगूळ वाटायला गेले.

महिन्याभराने त्या सुपारीला लिम्फोमा हे नाव मिळालं. म्हणजे कॅन्सरच, फक्त उच्चारायला जरा सोपा.

हे सगळं आता लिहायचं कारण असं, की मध्यंतरी स्लाऊहून एका मराठी बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख, कोणीतरी माझा नंबर दिला होता. त्यांना हाच आजार निघाला होता. "खूप त्रास होतो का हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, कारण खोटं बोलून काय मिळणार? मग तासभर मी त्यांना औषधांबद्दल काहीच न सांगता लेस्टर नावाच्या एका बेसबॉल खेळाडूबद्दल सांगत बसले. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "हे लिहून काढा ना." म्हणून हा खटाटोप.

*

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. एका शाळेत गणित शिकवत होते. नवरा श्रीकांत इथल्याच हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारा डॉक्टर. मुलगी अदिती ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षाला, मेडिकलला जायचं म्हणून रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून बसलेली.

निदान झालं त्या दिवशी कन्सल्टंट बाई खूप छान बोलल्या, पण श्रीकांतशी. डॉक्टरच्या बायकोला हा एक जास्तीचा आजार असतो. तिच्याशी कोणी बोलत नाही, तिच्या नवऱ्याशी बोलतात. स्टेज, डोस, सायकल असे शब्द माझ्या डोक्यावरून जात होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कुत्र्याच्या फोटोकडे बघत होते. बाहेर आल्यावर श्रीकांतला गाडी सापडेना. वीस वर्षं ज्या कार पार्कमध्ये तो गाडी लावतो, तिथे आम्ही दोघं पावसात इकडून तिकडे फिरलो. रोज दहा जणांना "काही होणार नाही" म्हणणारा माणूस, त्या दिवशी त्याला तेवढंही म्हणता आलं नाही. मला त्याचा राग आला नाही. भीती मात्र खरी तिथे वाटली.

*

केमोथेरपी हॉस्पिटलच्या डे-युनिटमध्ये असायची, दिवसा औषध घेऊन संध्याकाळी घरी. लांबट खोली, भिंतीला लागून मोठ्या खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीजवळ सलाईनचा स्टँड. मी पहिल्या दिवशी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारच्या खुर्चीत टोपी घातलेला एक उंच, रुंद खांद्यांचा अमेरिकन होता. वय अडतीसच्या आसपास, हनुवटीवर जुन्या टाक्यांची खूण. त्याने माझ्याकडे पाहिलं, आपला स्टँड धरून उठला आणि म्हणाला, "पहिला दिवस? चल, आधी मैदान बघून घेऊ."

आणि खरोखर त्याने मला सगळी खोली फिरवून दाखवली. खिडकीजवळची खुर्ची छान दिसते, पण तिथे वारा येतो. डावीकडच्या टॉयलेटची कडी लागत नाही. चहाची ट्रॉली त्या टोकाकडून येते, म्हणून या टोकाला चांगली बिस्किटं उरत नाहीत. आयरिश सिस्टरला शीर पहिल्या टोचण्यात सापडते, तिची वाट बघ, दुसरी कोणी आली तर बाथरूमला जायचंय म्हण. एवढ्या डॉक्टरांच्या ओळखी असून ही उपयोगी माहिती मला कोणी दिली नव्हती.

नंतर कळलं, ही त्याची जुनी सवय होती. नव्या गावात खेळायला गेलं की तो सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचा, चालत पार शेवटच्या भिंतीपर्यंत. भिंतीवर बॉल मारून बघायचा, कुठून कसा उलटा येतो ते. त्या भिंतीच्या आधी खडीचा एक पट्टा असतो म्हणे. बॉलकडे बघत उलटं धावताना पायाला खडी लागली की समजायचं, भिंत आली. हनुवटीची खूण कशाची, असं मी विचारलं तर म्हणाला, एका गावात पट्टाच नव्हता.

*

लेस्टर आउटफिल्डर होता. आपल्या क्रिकेटमध्ये बाउंड्रीजवळ उभे राहून उंच झेल घेणारे असतात ना, तसा, फक्त एका हातात चामड्याचा मोठा ग्लव्ह. नेब्रास्कातल्या मक्याच्या मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी घर सोडून निघाला आणि पुढची तेरा वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला. आता मला वाटलं, म्हणजे मोठा स्टार असणार. तर तसं काही नव्हतं.

अमेरिकेत मोठ्या लीगखाली लहान लीग असतात, त्याखाली त्याहून लहान. लेस्टरची बहुतेक वर्षं तिथे गेली. एका क्लबने दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. एकदा तर तो लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसलेला असताना शेजारच्या माणसाने पेपर पुढे केला, आणि त्यात याला विकल्याची बातमी. ओले कपडे पिशवीत भरून तो तसाच नव्या गावाच्या बसमध्ये बसला. उन्हाळाभर बसमधून प्रवास, थंडीत मेक्सिको नाहीतर व्हेनेझुएला, तिथे बोलावणं आलं नाही तर धान्याच्या कोठारात पोती उचलायची. फ्लोरिडातल्या एका बंदराच्या गावात खेळताना त्याला जोन भेटली. ती इथल्या एका क्रूझ जहाजावर नर्स होती. खेळ संपल्यावर तिच्या मागोमाग तो साउथहॅम्प्टनला आला, डॉकवरच्या वेअरहाउसमध्ये नोकरीला लागला आणि रविवारी कॉमनवर, म्हणजे गावाच्या मोकळ्या माळावर, हौशी लोकांना बेसबॉल शिकवायला लागला. इंग्लंडमध्ये बेसबॉल म्हणजे वाळवंटात होडी, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "बारा जण येतात. नऊ लागतात."

त्याचा हिशेब मी गणिताची बाई म्हणून तपासायला घेतला. बॅट घेऊन चार वेळा उभा राहिला की साधारण एकदा यश, तीनदा परत. मी म्हटलं, "पंचवीस टक्के? आमच्या घरात ब्याण्णव मिळाले तर विचारतात, आठ कुठे गेले." लेस्टर इतका हसला की सिस्टर येऊन त्याची सुई बघून गेली. मग म्हणाला, "तीनदा परत आल्यावर चौथ्यांदा त्याच चालीने जाता आलं पाहिजे. तेवढंच मला येत होतं."

मी हे विसरले नाही. केमोच्या प्रत्येक फेरीनंतरचे, म्हणजे सायकलनंतरचे चार दिवस मी बादलीशी जोडलेली असे. केस उशीवर गळत, तोंडाला लोखंडाची चव. पाचव्या दिवशी जरा उभं राहता आलं की पुढच्या सायकलची तारीख समोर. तेव्हा लेस्टर आठवायचा. आपल्याकडे माणूस मोठा झाला की त्याचं कौतुक होतं. मोठं न होता तेरा वर्षं रोज तितक्याच मनापासून धावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, मला तो फार मोठा वाटत होता.

*

जुलैत अर्धी केमो झाल्यावर स्कॅन झाला. रिपोर्टचं विचारलं तर श्रीकांत म्हणाला, "ठीक आहे, प्रोग्रेस आहे." त्याच रात्री शैलाचा फोन. शैला माझी पुण्याची कॉलेजमैत्रीण, ब्रिस्टलला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. ती म्हणाली, "श्रीकांतने सांगितलं ना तुला सगळं? मग झालं तर." आणि लगेच रेसिपीवर घसरली. मी सप्टेंबरमध्ये शाळेत परत जायची तयारी सुरू केली. टाइमटेबलसाठी हेडमास्तरांना फोनही केला.

पुढच्या गुरुवारी डे-युनिटमध्ये लेस्टरला म्हटलं, स्कॅन चांगला आला.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"त्या माझ्या नवऱ्याशी बोलल्या."

"आणि तुझ्याशी?"

मी म्हटलं, आमच्यात असंच असतं. मग त्याने मला मोठ्या लीगमधल्या त्याच्या पहिल्या बोलावण्याची गोष्ट सांगितली. आतापर्यंत ती त्याने टाळली होती.

सप्टेंबरचा महिना होता. त्याला डाव्या बाजूला उभं केलं होतं आणि मध्यभागी होता तिथला सर्वांत नावाजलेला खेळाडू. लेस्टर लहानपणी त्याचा फोटो भिंतीवर लावून झोपायचा. एक बॉल उंच उडाला तो दोघांच्या बरोबर मधे. बेसबॉलमध्ये अशा वेळी जो घेणार त्याने "माझा" म्हणून ओरडायचं असतं, मग दुसरा बाजूला होतो. लेस्टरला तो झेल सहज होता. पण एवढ्या मोठ्या माणसासमोर आपण कसं ओरडायचं, तोच घेईल, असं त्याला वाटलं. त्या मोठ्या माणसाला वाटलं, पोरगा जवळ आहे, त्याला घेऊ द्यावा. दोघं धावत आले, दोघं थांबले, आणि बॉल त्यांच्यामधे गवतावर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेस्टर परत लहान लीगच्या बसमध्ये होता. पुढे दोनदा बोलावलं, पण बाकावर बसण्यापुरतं.

"बॉल हवेत असेल आणि मैदानात कोणीच ओरडत नसेल," तो म्हणाला, "तर प्रत्येकाला वाटत असतं की दुसरा घेतोय."

मला त्याच क्षणी शैलाचा फोन आठवला. श्रीकांतने सांगितलं ना सगळं, असं तिने विचारलं होतं.

*

त्या रविवारी शैला जेवायला आली. अदिती खाली आली, चौघं बसलो. वरण-भात वाढून झाल्यावर मी म्हटलं, "माझ्या स्कॅनमध्ये काय आहे?"

श्रीकांतने शैलाकडे पाहिलं. शैलाने श्रीकांतकडे पाहिलं. मी त्या दोघांच्या मधे बसले होते.

"ते माझं आहे," मी म्हटलं. "मला द्या."

मग सगळं बाहेर आलं. गाठी हव्या तेवढ्या कमी झाल्या नव्हत्या. कन्सल्टंट बाईंनी श्रीकांतला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं होतं की याने भागणार नाही. माझाच बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज, काढून ठेवायचा, फार मोठा डोस द्यायचा आणि मॅरो परत घालायचा. लवकर करायला हवं, कळवा. श्रीकांतने शैलाला सांगितलं आणि मनात धरलं की बाईमाणूस आहे, मैत्रीण आहे, ती नीट समजावेल. शैलाला वाटलं, नवरा असताना आपण कसं तोंड उघडायचं. आणि दोघांचं एकमत एका गोष्टीवर झालं होतं: अदितीचा रिझल्ट लागू दे, मग बघू. रिझल्टला अजून तीन आठवडे होते. एवढे शिकलेले दोघं डॉक्टर, आणि माझा जीव परीक्षेच्या रांगेत मागे उभा केला होता. हे फक्त आपल्याच घरात होऊ शकतं. आपल्याकडे रिझल्ट लागेपर्यंत घड्याळंसुद्धा दबकून चालतात.

सगळ्यात आधी अदिती उठली. "माझी रिझल्टसाठी?" तिचं मराठी रागात जास्तच लंगडं होतं. "माझी रिझल्टसाठी तू आईला सांगितला नाहीस, बाबा? आर यू मॅड? मी नेक्स्ट इयर परत देईन. आई परत कुठून आणू?"

श्रीकांतने ताट बाजूला सारलं. तो म्हणाला, "मी रोज गाडीत बसून सांगायची प्रॅक्टिस करत होतो, नलू. घरापर्यंत आलो की जमायचं नाही." मी त्याच्यावर भयंकर चिडले होते आणि त्याच वेळी मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटत होता. दोन्ही खरं होतं. भात गार झाला, तो तसाच आम्ही खाल्ला.

सोमवारी सकाळी मी स्वतः कन्सल्टंट बाईंच्या सेक्रेटरीला फोन केला. भेटीत त्या ओशाळल्या. त्यांना वाटलं होतं, मला सगळं कळलंय आणि मी विचाराला वेळ घेतेय. मी म्हटलं, यापुढे आधी मला सांगायचं, मग मी त्याला सांगेन. श्रीकांत शेजारी बसून होता. त्याने मान हलवली.

*

ज्यांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगते, की जंतू लागू नयेत म्हणून एकटं ठेवतात त्या बंद खोलीतले आठवडे वाईट असतात आणि संपतात. तोंडात फोड, थुंकीसुद्धा गिळवत नाही. जोन घरून ऑरेंज ज्यूसच्या कांड्या गोठवून आणायची, पण बाहेरचं काही आत येऊ देत नसत. मग तिने सिस्टरला पटवून वॉर्डच्याच फ्रीझरमध्ये बर्फ करायला लावला. तो बर्फ माझ्या जिभेवर ठेवला की दोन मिनिटं मी माणूस व्हायची. श्रीकांत ऑपरेशनला धुतात तसे कोपरापर्यंत हात धुऊन आत यायचा आणि नुसता बसायचा. पूर्वी त्याच्या गप्प बसण्याची मला धास्ती वाटायची. आता आमच्यात झाकलेलं काही नव्हतं, त्यामुळे त्याचं बसणं बरं वाटायचं. अदितीचा रिझल्ट लागला तेव्हा मी आतच होते. मेडिकल एका ग्रेडने हुकलं. काचेपलीकडून तिने बोटाने हवेत ग्रेडची अक्षरं काढून दाखवली आणि खांदे उडवले, आणि मला चक्क हसू आलं.

लेस्टरला आत यायची परवानगी नव्हती, त्याच्याच रक्तपेशी तळाला गेल्या होत्या. एका दुपारी खिडकीबाहेर काहीतरी पांढरं हललं. उठून पाहिलं तर तो खाली कार पार्कमध्ये, टोपी घालून. बॉल सरळ वर फेकत होता. बॉल माझ्या तिसऱ्या मजल्याच्या काचेपर्यंत यायचा, क्षणभर थांबायचा आणि खाली जायचा. तो प्रत्येक वेळी पकडायचा. सिक्युरिटीवाला आला, त्याच्याशी काहीतरी बोलला, आणि मग तोही शेजारी उभा राहून वर बघायला लागला. त्या दिवसापर्यंत मी झेलाकडे फक्त आउट म्हणून बघत आले होते. मी खिडकीला कपाळ टेकून रडले, पण बऱ्याच दिवसांनी ते रडणं स्वतःसाठी नव्हतं.

*

पुढच्या मार्चमध्ये शेवटच्या स्कॅनचा निकाल होता. कन्सल्टंट बाईंनी नाव पुकारलं तशी श्रीकांतही उठला, मग आठवण होऊन परत खाली बसला. मी एकटी आत गेले. त्या म्हणाल्या, काही दिसत नाही. मी परत विचारलं. परत तेच म्हणाल्या.

बाहेर येऊन श्रीकांतला सांगितलं. वीस वर्षांच्या ओळखीच्या नर्सेससमोर तो मोठ्याने रडला. मी त्याला गाडी घेऊन दारात यायला सांगितलं आणि स्वतः वरच्या वॉर्डमध्ये गेले, कारण लेस्टर तिथे होता.

त्याचा आजार थंडीत परत आला होता. तिसरं औषधही लागू पडत नव्हतं, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं. त्याच्या पलंगाशी जोन बसली होती. आता या माणसाला मी माझी बातमी कुठल्या तोंडाने देऊ, असं मला झालं. मी हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागले. आपली जात कुठे जाते.

"नलिनी," तो म्हणाला, "सांग."

सांगितलं. त्याने पलंगावर असा हात आपटला की पाण्याचा ग्लास पडला. मग पाय खाली सोडून, स्टँड धरून उभा राहिला. माझी बॅग खुर्चीवर होती. बाहेर थंडी होती म्हणून कोट, शाल, बरंच काही कोंबलेलं. ती त्याने उचलली. मी म्हटलं, अरे ठेव, मी घेते. जोनने मला डोळ्यांनी गप्प केलं.

तो पुढे, बॅग आणि स्टँड घेऊन, सावकाश, आणि आम्ही दोघी मागे. जोन हळूच म्हणाली, "त्यांच्यात कोणाला वरच्या लीगचं बोलावणं आलं की त्याची बॅग हाच गाडीपर्यंत न्यायचा. तेरा वर्षं. कित्येकदा ते बोलावणं याचंच असायला हवं होतं."

लिफ्ट आली. लेस्टरने बॅग आत ठेवली, माझा हात हातात घेऊन दाबला आणि बाजूला झाला. त्याच्या चेहऱ्यावर मी खूप शोधलं. आनंदाशिवाय तिथे दुसरं काही नव्हतं.

मे महिन्यात तो गेला. मी अजून आहे.